वॉटसन फेकतोय का? होम्सच्या कथांवर तर्क लढवण्याआधी

बेळगावात आमचा एक वाचनकट्टा आहे. त्याला नाव नाही, कार्यालय नाही. कुणाच्या तरी माडीवर जमायचं आणि पुस्तकावर बोलायचं. बोलणं बरेचदा शेरलॉक होम्स या गुप्तहेराच्या कथांवर येतं. त्या कथा सांगतो होम्सचा मित्र, डॉक्टर वॉटसन. नवीन येणारा माणूस पहिल्या एक-दोन बैठका ऐकून घेतो आणि मग एकदम जाहीर करतो, "ओ, हा वॉटसन फेकायलाय की! एकदा म्हणतो गोळी खांद्याला लागली, एकदा म्हणतो पायाला!"

शोध खरा आहे. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये (१८८७) अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत जेझैल बंदुकीची गोळी वॉटसनच्या खांद्यात शिरते आणि हाड फोडते. 'द साइन ऑफ फोर'मध्ये (१८९०) तोच वॉटसन गोळी लागलेला पाय कुरवाळत बसलेला असतो. पण एवढ्यावरून तो खोटारडा ठरत नाही. त्याच्यावर आळ घेण्याआधी तिघांची चौकशी करावी लागते: अनुवादक, छापणारा आणि लेखक. हा क्रम न पाळता बोलायला बसलं की चर्चेचं भांडण व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून नव्या मंडळींसाठी एकदाचं लिहून काढते आहे.

हा खेळ आमचा नाही, बराच जुना आहे. त्यात असं धरून चालतात की होम्स आणि वॉटसन खरोखर होऊन गेले, कथा म्हणजे वॉटसनच्या आठवणी, आणि आर्थर कॉनन डॉयल हे त्या आठवणी मासिकापर्यंत पोचवणारे मध्यस्थ. मग कथांमधल्या विसंगती सोडवत बसायचं. १९११ साली रोनाल्ड नॉक्स यांनी ऑक्सफर्डमध्ये एक निबंध वाचला. धर्मग्रंथांची चिकित्सा करणारे पंडित ज्या थाटात पोथ्या तपासतात त्याच थाटात त्यांनी या कथा तपासल्या, आणि मृत समजला गेलेला होम्स परत आल्यानंतरच्या कथा वॉटसनने मनाने रचल्या असाव्यात असा तर्क मांडला. सगळी थट्टाच होती. तरी डॉयलनी त्यांना पत्र लिहून नवल व्यक्त केलं की या कथांवर कुणी एवढे कष्ट घ्यावेत! १९४१ साली रेक्स स्टाउट या रहस्यकथाकाराने न्यूयॉर्कमधल्या होम्सभक्तांच्या भर जेवणात वॉटसन ही बाई होती असं सिद्ध करून दाखवलं. तेव्हा तुमची थिअरी कितीही अचाट असली तरी लाजू नका. तिच्याहून अचाट कुणीतरी आधीच बोलून गेलेलं आहे.

पुढे काही कथांची रहस्यं फुटणार आहेत. होम्स अजिबातच वाचलेला नसेल तर आधी ते सुख घ्या, मग इकडे या.

## काय काय जवळ हवं

- मूळ इंग्रजी कथा. एकूण ६०: ४ कादंबऱ्या आणि ५६ लघुकथा, १८८७ ते १९२७ या काळात आलेल्या. डॉयल १९३० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे मूळ कथा प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या संकेतस्थळावरून मोकळेपणाने उतरवून घेता येतात.
- मराठी अनुवाद. भालबा केळकरांचे अनुवाद आपल्यातल्या अनेकांच्या घरी असतील. नसतील तर आधी सार्वजनिक वाचनालयात किंवा आपल्या गावच्या वाचनालयात चौकशी करा. थंडीच्या दिवसांत कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांतून साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरही नजर ठेवा.
- दोनशे पानी वही. फोनमधली टिपणं चालतील, पण एका नजरेत दोन कथा शेजारी-शेजारी बघायच्या तर वहीच बरी.
- कानडी वाचणारा एखादा मित्र. चिकोडी-हुक्केरीकडचे बरेच जण दोन्ही भाषांत वाचतात. एकच कथा दोन अनुवादकांच्या हातून गेली की कुणी काय घातलं आणि काय गाळलं ते लगेच दिसतं.

टिपांसह छापलेली जाडजूड इंग्रजी आवृत्ती सुरुवातीला घेऊ नका. ती महाग तर असतेच, शिवाय दुसऱ्यांची उत्तरं आधी वाचली की स्वतःला प्रश्नच पडेनासे होतात.

## १. प्रसिद्धीच्या क्रमाने वाचा

प्रत्येक कथेला दोन तारखा असतात. एक, ती छापून आली ती. दुसरी, तिच्यातली घटना घडली ती. नवे वाचक उत्साहाने घटनाकालाचा तक्ता शोधतात आणि त्या क्रमाने वाचू लागतात. हे टाळा. तो तक्ता म्हणजे आधीच कुणीतरी लढवलेला तर्क आहे. वॉटसनची लग्नं किती झाली यावरच अभ्यासकांचं एकमत नाही, आणि लग्नं हलली की निम्म्या कथांची वर्षं हलतात. तुम्ही तो तक्ता खरा धरून निघालात तर दुसऱ्याच्या थिअरीवर आपली थिअरी बांधत बसाल.

सगळ्या साठ वाचून होईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. पहिल्या दोन कादंबऱ्या आणि जुलै १८९१पासून 'स्ट्रँड' मासिकात आलेल्या पहिल्या बारा कथा एवढ्यावर वही निम्मी भरते.

## २. विसंगती टिपा, मत लिहू नका

वहीत रकाने आखा: कथेचं नाव, प्रसिद्धीचं वर्ष, घटनेचं वर्ष (दिलेलं असलं तर), कोण सांगतंय, घटना त्याने डोळ्यांनी पाहिली की कुणाकडून ऐकली, आणि खटकलेलं वाक्य जसंच्या तसं. 'कोण सांगतंय' हा रकाना बहुतेक जण सोडून देतात, कारण त्यांना वाटतं की सगळ्या कथा वॉटसनच सांगतो. तसं नाही. 'द ब्लँच्ड सोल्जर' आणि 'द लायन्स मेन' या दोन कथा होम्स स्वतः सांगतो. 'हिज लास्ट बो' आणि 'द मॅझरिन स्टोन' या दोन कथांमध्ये सांगणारा कोण ते कळतच नाही. त्या तृतीयपुरुषी आहेत.

पाहिलं की ऐकलं, हा रकाना तर मोलाचा. पाचव्या पायरीवर तोच कामाला येणार आहे.

वाक्य जसंच्या तसं लिहायचं याचं कारण साधं आहे. दोन महिन्यांनी तुम्ही "वॉटसन कुठेतरी असं म्हणतो" असं सांगायला लागलात की समोरचा विचारणार, "कुठं म्हणतोय, दाखव की." मग पानं चाळण्यात अख्खी बैठक जाते.

## ३. चार हात वेगळे करा

कथेतलं एखादं वाक्य आपल्यापर्यंत येताना चार हातांतून येतं. निवेदकाने ते सांगितलं, लेखकाने लिहिलं, संपादक-जुळाऱ्याने छापलं, अनुवादकाने मराठीत आणलं. चूक यांपैकी कुणाचीही असू शकते. तपासताना उलटीकडून यायचं: आधी अनुवादक, शेवटी निवेदक.

सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. रेशन कार्डावर एक आडनाव, मराठी शाळेच्या दाखल्यावर दुसरं, उताऱ्यावर कानडीतून गेलेलं तिसरं. म्हणून आपण तीन माणसं मानत नाही. कुठला कागद कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून लिहिला ते बघतो.

अनुवादक. आपल्याकडे परदेशी रहस्यकथा तीन वाटांनी येतात: अनुवाद, रूपांतर आणि संक्षेप. रूपांतरात नावं-गावं बदलतात, त्यामुळे पुरावा म्हणून ते बाद. संक्षेप त्याहून फसवा. वॉटसन आपण काय लपवलंय याची कबुली बहुधा कथेच्या पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत देतो, आणि पानं वाचवायला बसलेला माणूस नेमके तेच परिच्छेद कापतो. कबुली गेली, लपवाछपवी राहिली, आणि वाचकाला वाटतं की निवेदक लबाड आहे. मराठी प्रतीत काही खटकलं तर मूळ उघडून बघितल्याशिवाय वहीत घेऊ नका.

छापणारा. इथे माझं आवडतं उदाहरण 'द फाइव्ह ऑरेंज पिप्स'चं. कथेच्या सुरुवातीला वॉटसन म्हणतो की बायको तिच्या आईकडे गेली असल्यामुळे मी काही दिवस बेकर स्ट्रीटवर, होम्सच्या घरी, राहायला आलो होतो. आता 'द साइन ऑफ फोर'मध्ये हीच बायको, मेरी मॉर्स्टन, लग्नाआधी स्पष्ट सांगते की माझी आई वारली आणि इंग्लंडात मला कुणी नातेवाईक नाही. झालं! 'वॉटसनची आणखी एक गुप्त बायको' ही थिअरी इथून सुरू होते. पण नंतरच्या आवृत्त्यांत त्या वाक्यात 'आईकडे'च्या जागी 'मावशीकडे' असं झालं आहे (आत्याही असेल, इंग्रजीत कळायला मार्ग नाही). म्हणजे चूक कुणाच्या तरी लक्षात आली आणि दुरुस्त झाली. तुमच्या हातात कुठली आवृत्ती आहे यावर तुमचा पुरावा उभा राहतो किंवा पडतो. गंमत अशी की दुरुस्तीनेही प्रश्न पुरता सुटत नाही. इंग्लंडात नातेवाईकच नसेल तर ही मावशी आली कुठून?

लेखक. डॉयल भराभर लिहीत आणि मागचं उघडून बघायचा त्यांना कंटाळा होता, असं कथांवरूनच दिसतं. 'विस्टेरिया लॉज'ची घटना १८९२च्या मार्चअखेरीस घडते. त्या वेळी होम्स राइकेनबाखच्या धबधब्यात पडून मेला असं जग समजत होतं. तो १८९४मध्ये परत येतो. 'द मॅन विथ द ट्विस्टेड लिप'मध्ये वॉटसनची बायको नवऱ्याला जेम्स म्हणते, आणि त्याचं नाव तर जॉन. यावर रहस्यकथा लेखिका डोरोथी सेयर्सनी काढलेला तोडगा झकास आहे. पहिल्या कादंबरीत त्याचं नाव 'जॉन एच. वॉटसन' असं येतं. तो 'एच' म्हणजे हॅमिश असेल, आणि हॅमिश हे जेम्सचंच स्कॉटिश रूप! ऐकायला छान वाटतं, पण लक्षात घ्या की हा तोडगा कशाचं भाकीत करत नाही. दुसऱ्या एकाही कथेतलं कोडं त्याने सुटत नाही. अशा थिअरीला आम्ही टाळ्या वाजवतो आणि पुढे जातो.

तिघांनाही सोडवून घेतल्यावर जे उरेल तेवढंच निवेदकाच्या खात्यावर. खांदा आणि पायाचं काय, असं विचाराल तर माझ्या मते ती डॉयलची विसर आहे. 'द नोबल बॅचलर'मध्ये वॉटसन 'माझ्या एका अवयवात राहिलेली गोळी' असं मोघम बोलतो, ते मात्र मला थोडं संशयास्पद वाटतं. लेखकाला चूक कळली होती आणि त्याने अंग काढून घेतलं, असं मी मानते. तुम्ही वेगळं मानू शकता.

## ४. निवेदक कोणत्या जातीचा अविश्वसनीय आहे ते ठरवा

'अविश्वसनीय निवेदक', म्हणजे ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही असा कथा सांगणारा, ही एकच पिशवी नाही. निदान चार प्रकार वेगळे धरावेत.

फसलेला. 'द डाइंग डिटेक्टिव्ह'मध्ये होम्स मरणाच्या दारात असल्याचं सोंग घेतो आणि डॉक्टर मित्रालाही जवळ येऊ देत नाही. नंतर कारण सांगतो: तुझ्यात गुण पुष्कळ आहेत, पण सोंग वठवणं त्यांत नाही. वॉटसन त्या वेळी त्याला जे वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. वाचक फसतो तो वॉटसनबरोबर, वॉटसनमुळे नव्हे. आणि होम्सचं हे वाक्य जपून ठेवा. 'वॉटसन पट्टीचा खोटारडा' म्हणणाऱ्या प्रत्येकाला याचं उत्तर द्यावं लागतं.

सांगून लपवणारा. 'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन'च्या सुरुवातीलाच तो माफी मागतो की खरी घटना ओळखू येईल अशी तारीख किंवा तपशील मी देणार नाही. 'द सेकंड स्टेन'मध्ये तर वर्ष सोडा, दशकही सांगत नाही. अशा कथांतल्या तारखा जुळत नाहीत म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. त्याने आधीच सांगितलंय.

रंगवणारा. होम्सची कायमची तक्रार हीच. 'द कॉपर बीचेस'मध्ये तो म्हणतो की जे व्याख्यानमालेसारखं शास्त्रशुद्ध व्हायला हवं होतं त्याच्या तू गोष्टी करून टाकल्यास. आणि मग स्वतः लेखणी हातात घेतो तेव्हा, 'द ब्लँच्ड सोल्जर'मध्ये, मुकाट्याने मान्य करतो की वाचकाला रस वाटेल असंच मांडावं लागतं. नव्या माणसाने या दोन कथा पाठोपाठ वाचाव्यात. चांगली करमणूक होते.

खोटं बोलणारा. हा चौथा प्रकार दुर्मिळ आहे, आणि नवखे थेट इथेच उडी मारतात. इथे आळ घ्यायचा तर तीन गोष्टी दाखवा: खोटं बोलण्यात त्याचा फायदा काय, ते खोटं पकडता येईल अशी खूण कथेतच कुठे आहे, आणि ती खूण लेखकाने मुद्दाम ठेवली असावी असं मानायला आधार काय. १९२६ साली एका इंग्रज लेखिकेने हे तिन्ही पाळून एक कादंबरी लिहिली. नाव सांगणार नाही, कारण आमच्यातल्या निम्म्यांनी ती अजून वाचलेली नाही. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचा. खुणा सगळ्या उघड्यावर पडलेल्या असतात.

## ५. एक थिअरी शेवटपर्यंत ताणून बघा: मोरियार्टी होता का?

कट्ट्यावर सर्वांत जास्त वेळा निघणारी थिअरी ही: होम्सचा सगळ्यात मोठा शत्रू, गुन्हेगारांचा म्होरक्या प्रोफेसर मोरियार्टी, असा माणूस नव्हताच. होम्सला भास झाले, किंवा त्याने गायब होण्यासाठी तो रचला, आणि वॉटसनने ते लिहून ठेवलं. १९७४मध्ये निकोलस मेयर यांनी हाच धागा घेऊन एक कादंबरीही लिहिली. आता ही थिअरी आपल्या वहीवर घासून बघू.

बाजूने काय आहे? पाहिलं की ऐकलं हा रकाना उघडा. 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये (१८९३) मोरियार्टी बेकर स्ट्रीटवर येऊन धमकावून गेला ते होम्स सांगतो. वॉटसन तेव्हा तिथे नव्हता. व्हिक्टोरिया स्टेशनवर वॉटसनला गर्दीतून वाट काढणारा एक उंच माणूस दिसतो. तो मोरियार्टी आहे हे कोण सांगतं? होम्सच. पुढे धबधब्याच्या वाटेवर लांबून भराभर चालणारी एक काळी आकृती दिसते. शेवटच्या झटापटीच्या वेळी तर वॉटसन खोट्या चिठ्ठीने हॉटेलवर परत पाठवला गेलेला असतो. म्हणजे आपला साक्षीदार या माणसाशी एक शब्दही बोललेला नाही. थिअरी ताकदीची आहे.

आता विरुद्ध. 'द व्हॅली ऑफ फिअर' (१९१४-१५) उघडा. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर मॅक्डोनल्ड सांगतो की मी त्या प्रोफेसरला जाऊन भेटलो, ग्रहणांवर गप्पा झाल्या, त्याने कंदील आणि पृथ्वीगोल घेऊन मला सगळं समजावलं, निघताना खांद्यावर हात ठेवला. एका पोलिसाने त्याला जवळून पाहिलंय. होम्सचा भास म्हणणाऱ्यांची वाट इथे बंद होते.

पण इथेच दुसरं कोडं उभं राहतं. 'द व्हॅली ऑफ फिअर'ची घटना १८८०च्या दशकाच्या अखेरची, म्हणजे 'द फायनल प्रॉब्लेम'च्या आधीची. त्यात वॉटसनला मोरियार्टी चांगला माहीत आहे. आणि 'द फायनल प्रॉब्लेम'मधल्या १८९१च्या घटनेत होम्स विचारतो, मोरियार्टीबद्दल कधी ऐकलं नसशील? तर वॉटसन म्हणतो, कधीच नाही. दोन्ही खरं असू शकत नाही.

इथे कुणीतरी नेहमी हुशारीने सांगतं: 'फायनल प्रॉब्लेम'च्या वाचकाला मोरियार्टी नवा होता, त्याची ओळख करून देण्यासाठी वॉटसनने तो संवाद रचला; म्हणजे हा 'रंगवणारा' प्रकार. पटण्यासारखं आहे. पण 'द एम्प्टी हाउस'मध्ये (१९०३) होम्स स्वतः वॉटसनला आठवण करून देतो की तू प्रोफेसर जेम्स मोरियार्टीचं नावही ऐकलं नव्हतंस. मग संवाद रचलेला कसा? यावर उत्तर येतं की होम्सचं हे वाक्यही वॉटसननेच लिहिलंय. एकदा मारलेली थाप त्याने पुढे निभावली.

आणि इथे थांबायचं. 'विरुद्ध पुरावाही त्यानेच लिहिला' असं म्हटलं की आता कुठलाच पुरावा ही थिअरी पाडू शकत नाही. मॅक्डोनल्डची भेटसुद्धा मग वॉटसनची थाप ठरते, आणि मघाशी बंद झालेली वाट पुन्हा उघडते. हे हत्यार एकदा काढलं की आपलंच सगळं कापत सुटतं. आमच्या कट्ट्यावर नियम असा आहे: हे वाक्य वापरायचं असेल तर वॉटसनने ती थाप का निभावावी याचं कारण कथेतूनच काढून दाखवायचं. कारण नसेल तर विसंगती लेखकाच्या खात्यात टाकून पुढे चला.

एक उरलासुरला तपशील. 'फायनल प्रॉब्लेम'च्या सुरुवातीला प्रोफेसरच्या भावाचं नाव येतं: कर्नल जेम्स मोरियार्टी. आणि 'एम्प्टी हाउस'मध्ये प्रोफेसरही जेम्सच. दोन सख्खे भाऊ, दोघेही जेम्स! यावर खानापूरच्या एका मुलीने चार पानं थिअरी लिहून आणली होती. ती मला आजही पटलेली नाही, पण पुराव्यांची मांडणी इतकी नेटकी होती की ते कागद मी जपून ठेवलेत.

## ६. 'हे दुसऱ्यानेच लिहिलंय' म्हणण्याआधी

लेखकत्वाची शंका ही वेगळ्या जातीची थिअरी. इथे खेळातलं लेखकत्व (वॉटसन की होम्स की आणखी कुणी) आणि खरं लेखकत्व (डॉयल की आणखी कुणी) यांची गल्लत करू नका. बोलायच्या आधी कुठल्याबद्दल बोलताय ते सांगा.

खऱ्या लेखकत्वाचा एक धडा सगळ्यांनी लक्षात ठेवावा. डॉयल गेल्यावर त्यांच्या कागदांत होम्सची एक अप्रकाशित कथा सापडली, 'द मॅन हू वॉज वॉन्टेड'. १९४८ साली ती डॉयलच्या नावाने छापली गेली. नंतर आर्थर व्हिटेकर नावाच्या वास्तुरचनाकाराने सांगितलं की कथा माझी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने ती डॉयलना पाठवली होती, आणि कल्पना कधी उपयोगी पडली तर पडेल म्हणून त्यांनी ती दहा गिनींना विकत घेतली होती. त्याच्याजवळ डॉयलचं पत्र होतं. म्हणजे कागद लेखकाच्या घरात सापडला म्हणून तो लेखकाचाच ठरत नाही.

उलट दिशेनेही फसगत होते. 'द मॅझरिन स्टोन'मध्ये वॉटसन निवेदक नाही, कथा एकाच खोलीत घडते, पात्रं पडद्याआडून आत-बाहेर करतात. शैली वेगळी म्हणून 'ही डॉयलची नव्हेच' असं वाटू शकतं. पण ती कथा डॉयलनी आपल्याच 'द क्राउन डायमंड' या नाटकावरून केली. एक खोली, पडदा आणि तृतीयपुरुष, सगळ्याचा उलगडा रंगमंचाने होतो. शैली बदलली दिसली की आधी कथेचा जन्म कुठे झाला ते शोधा: नाटक, मासिकाची मागणी, लेखकाचं वय. दुसरा माणूस सगळ्यात शेवटी.

'इतकं एकट्याने लिहिणं शक्यच नाही' हा युक्तिवाद तर आपल्याकडे फारच चालतो. बाबूराव अर्नाळकरांच्या नावावर हजारावर पुस्तकं आहेत, आणि नावही टोपण. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. कानडीत एन. नरसिंहय्या यांनीही पत्तेदारी, म्हणजे गुप्तहेरांच्या, कादंबऱ्यांचा असाच ढीग रचला. आकडा बघून संशय येणं साहजिक आहे. पण ढीग हा पुरावा नव्हे. हस्तलिखित, पत्रव्यवहार, मानधनाच्या पावत्या, प्रकाशकाच्या नोंदी, यांतलं काही हातात असेल तरच तोंड उघडा. जिवंत किंवा नुकत्याच गेलेल्या लेखकाबद्दल तर फारच जपून. तिथे खेळ संपतो आणि माणसाची अब्रू सुरू होते.

## ७. मांडणी

थिअरी एका पानात बसवा. वर एका वाक्यात दावा. खाली पुरावे, कथेच्या नावासह. मग एक ओळ सक्तीची: 'अमुक सापडलं तर माझी थिअरी पडेल.' ही ओळ लिहिता येत नसेल तर कागद घडी करून खिशात ठेवा, अजून वेळ आहे. पुराव्यांत मराठी अनुवादातलं वाक्य असेल तर अनुवादकाचं नाव आणि आवृत्ती लिहा.

बोलताना आधी विचारा की ही कथा कुणी वाचायची राहिली आहे का. राहिली असेल तर ती कथा पुढच्या वेळी. आम्ही यात कुणालाच सूट देत नाही, वयाने मोठ्या माणसालाही. आमच्यातले एक निवृत्त मास्तर दर वेळी शेवट सांगून टाकायचे. आता त्यांच्या शेजारी बसणाऱ्याने त्यांना चिमटा काढायचा असं ठरलंय.

आणि अनुवादाची पानं फोनवर काढून गटात फिरवू नका. मूळ इंग्रजी कथा मोकळी झाली म्हणून मराठी अनुवाद मोकळा होत नाही. त्याचा हक्क अनुवादकाचा असतो आणि त्याची मुदत वेगळी चालते. पुस्तक वाचनालयातून आणा, नाहीतर एकमेकांना द्या.

## पहिल्या बैठकीला येताना

'द रेड-हेडेड लीग' वाचून या. कथेत लाल केसवाल्यांसाठी दिलेल्या जाहिरातीची तारीख आहे २७ एप्रिल १८९०, आणि ती बघून वॉटसन म्हणतो, बरोबर दोन महिन्यांपूर्वीची. नोकरी मिळालेले विल्सन शेठ सांगतात की आठ आठवडे काम केलं. इथवर हिशेब जुळतो. पण नोकरी संपल्याची पाटी दारावर लागते ती ९ ऑक्टोबर १८९० या तारखेची, आणि कथा शरद ऋतूत घडल्याचं वॉटसन पहिल्याच वाक्यात सांगतो. मधला उन्हाळा गेला कुठे?

चार हातांपैकी कुणाचा हात आहे ते एका पानात लिहून आणा. बहुतेक जण छापखान्याला पकडतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नसतं. सेयर्सबाईंनीही या तारखांवर सविस्तर लिहिलंय. पण ते तुमचं पान लिहून झाल्यावर वाचा.